डबा वाजला, पण गवा आला होता का? अवकाश दुर्बिणी आणि गामा स्फोटांचे खोटे इशारे

२ जुलै २०२५ रोजी ‘फर्मी’ या अवकाश दुर्बिणीवरच्या यंत्राने काही तासांच्या अंतराने तीनदा इशारा दिला. तिन्ही वेळा निरोप तोच, की गामा किरणांचा स्फोट दिसतो आहे, आणि दिशाही जवळपास तीच. घोटाळा इथेच होता. असा स्फोट एका ठिकाणी एकदाच होतो, कारण ज्याचा स्फोट होतो ते पुन्हा फुटायला शिल्लकच राहत नाही. शिवाय ती जागा आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्याजवळची होती. त्यामुळे हा दूरचा स्फोट नसून जवळचाच एखादा खोडकर तारा असावा, असा अंदाज आधी बांधला गेला. पुढे मोठ्या दुर्बिणींनी तिकडे पाहिलं आणि उगम आपल्या आकाशगंगेच्या बाहेरचा निघाला. आज त्याचं नाव जीआरबी २५०७०२बी असं आहे (जीआरबी म्हणजे ‘गामा रे बर्स्ट’, गामा स्फोट), आणि तो नेमका कशामुळे झाला यावर अजून वाद चालू आहे.

बातम्यांमध्ये यातलं ‘शास्त्रज्ञ चक्रावले’ एवढंच आलं. खरं तर इशारा आला की आधी त्याच्यावरच संशय घ्यायचा, हा या क्षेत्राचा रोजचा धंदा आहे. कारण सोपं आहे. ज्या यंत्राला दूरचा क्षीण स्फोट ऐकू यायला हवा, त्याला इतरही बरंच काही ऐकू येतं.

खानापूर तालुक्यात भात पिकायला आलं की शेतात माळा बांधून राखणीला बसतात. अंधारात काही खसफसलं की राखणदार डबा बडवतो. गवा असतो, रानडुक्कर असतं, कधी वारा असतो, कधी शेजारचंच सुटलेलं म्हशीचं रेडकू असतं. प्रत्येक वेळी खात्री करून मगच डबा वाजवायचा म्हटलं तर तोवर कळपाने अर्धा वाफा फस्त केलेला असतो. प्रत्येक खसफशीला वाजवला तर दोन रात्रींनी गावातून मदतीला कुणी येणार नाही. अवकाशातल्या डिटेक्टरची अडचण हीच आहे.

आधी गामा स्फोट म्हणजे काय ते पाहू

प्रकाश सुट्या कणांच्या रूपात येतो. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणात जेवढी ऊर्जा असते, त्याच्या हजारो ते लाखो पट ऊर्जा गामा किरणाच्या एका कणात असते. सेकंदाच्या एखाद्या अंशापासून काही मिनिटांपर्यंत आकाशातल्या एकाच ठिकाणाहून अशा कणांचा लोंढा येतो, त्याला गामा स्फोट म्हणतात. ढोबळमानाने दोन सेकंदांहून कमी टिकणारे ते लघु आणि जास्त टिकणारे ते दीर्घ. बहुतेक दीर्घ स्फोट फार वजनदार तारा स्वतःतच कोसळल्यावर होतात. लघु स्फोट दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्यावर होतात. न्यूट्रॉन तारा म्हणजे सूर्याहून जास्त वजन एखाद्या शहराएवढ्या गोळ्यात दाबलेलं.

हे किरण आपल्या हवेतच अडतात. आपल्या तब्येतीला ते चांगलंच, पण अभ्यासासाठी यंत्र वर पाठवावं लागतं.

या विषयाचा जन्मही संशयातूनच झाला. १९६३ च्या करारानंतर कुणी चोरून अणुचाचणी करतं का, हे पाहायला अमेरिकेने ‘वेला’ नावाचे उपग्रह सोडले होते. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी गामा किरणांचा एक झोत टिपला. (तारीख पुन्हा २ जुलै. हा निव्वळ योगायोग, त्यात काही शोधू नये.) त्या झोताचं वागणं अणुस्फोटासारखं नव्हतं. पुढे असे आणखी झोत सापडले. ते पृथ्वीवरून येत नाहीत आणि सूर्याकडूनही नाहीत, हे वेगवेगळ्या उपग्रहांवरच्या वेळा ताडून ठरवलं गेलं, आणि १९७३ मध्ये ते जाहीर झालं. म्हणजे पहिल्या गामा स्फोटाचीही चौकशी ‘हा इशारा कशाचा?’ अशीच सुरू झाली.

यंत्र फोटो काढत नाही, मोजदाद करतं

फर्मी ११ जून २००८ ला सुमारे ५६० किलोमीटर उंचीवर सोडली गेली आणि तेव्हापासून फिरते आहे. स्फोटांवर पाळत ठेवणाऱ्या तिच्या यंत्रात सोडियम आयोडाइडचे १२ स्फटिक वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवले आहेत. प्रत्येक चकती १२.७ सेंटिमीटर व्यासाची आणि १.२७ सेंटिमीटर जाडीची, म्हणजे साधारण चहाच्या बशीएवढी. याशिवाय जास्त ऊर्जेच्या किरणांसाठी दोन जाड स्फटिक वेगळे आहेत. गामा किरण स्फटिकात घुसला की बारीकशी चमक उठते, मागचा प्रकाशसंवेदक तिची विजेची टिचकी करतो आणि गणक एकाने पुढे सरकतो. एवढंच. टिचकी कुठल्या दिशेने आली हे त्या एका स्फटिकाला कळत नाही.

आणि टिचक्या कधीच थांबत नाहीत. वैश्विक किरण, पृथ्वीच्या हवेतून उलट वर येणारे गामा किरण, खुद्द यानाच्या धातूत तयार झालेली किरणोत्सर्गी मूलद्रव्यं, सगळे टिचक्या देत असतात. या सततच्या मोजणीला पार्श्वभूमी म्हणतात. कणकुंबीकडच्या आषाढात पत्र्याच्या घरात बसल्यासारखं समजा. पाऊस धडधडतोच आहे, आणि त्यातच कुणी पत्र्यावर मूठभर खडे टाकले. कळेल का? सर किती जोराची आहे आणि खडे किती, यावर ते अवलंबून.

‘किती’ याचा हिशेब असा. समजा एका स्फटिकात सेकंदाला सरासरी ३०० टिचक्या येतात. दर सेकंदाला नेमक्या ३०० येणार नाहीत. कधी २९०, कधी ३१५. अशा योगायोगाच्या मोजणीत नैसर्गिक चढउतार सरासरीच्या वर्गमुळाएवढा असतो. ३०० चं वर्गमूळ सुमारे १७. या मापाला एक सिग्मा म्हणतात. फर्मीच्या यंत्राचा बहुतेक खिडक्यांसाठीचा उंबरठा ४.५ सिग्मा आहे. ‘खिडकी’ म्हणजे मोजणीचा कालखंड. साडेचार गुणिले सतरा म्हणजे साधारण ७८, तेव्हा ३७८ टिचक्यांच्या पुढे मोजणी गेली की स्फटिकाने हात वर केला. सरासरी काढताना यंत्र मागचे सुमारे १७ सेकंद पाहतं, पण अगदी ताजे ४ सेकंद वगळतं. ते धरले असते तर हळूहळू चढणारा स्फोट स्वतःच सरासरी वाढवून तिच्यात लपला असता.

आता ४.५ सिग्माची उडी निव्वळ योगायोगाने लागण्याची शक्यता दहा लाखांत सुमारे साडेतीन. फार कमी वाटते ना? पण दिवसात ८६,४०० सेकंद असतात आणि स्फटिक १२ आहेत. गुणाकार केला तर रोज तीन-साडेतीन वेळा कुठला ना कुठला स्फटिक उगाचच हात वर करेल. म्हणून नियम असा की एकाच वेळी किमान दोन स्फटिकांनी उंबरठा ओलांडला पाहिजे. बारांतून दोघांच्या ६६ जोड्या होतात. कुठल्याही जोडीला त्याच सेकंदाला योगायोग घडण्याची शक्यता काढली तर असा खोटा इशारा चाळीस वर्षांतून एखादा. दुसऱ्या माळ्यावरच्याचाही डबा वाजला तरच गावाला उठवायचं, ही अट रोजच्या तीन चुका चाळीस वर्षांतून एकावर आणते.

हा हिशेब ढोबळ आहे. प्रत्यक्षात यंत्र १६ मिलिसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंतच्या अनेक खिडक्या आणि ऊर्जेचे अनेक पट्टे एकाच वेळी तपासतं. १६ मिलिसेकंदांत सरासरी पाचच टिचक्या येत असतील तर चौदा-पंधरा येणं हे सिग्माच्या हिशेबावरून वाटतं तितकं दुर्मीळ नसतं. म्हणून सर्वांत लहान खिडक्यांचा उंबरठा आणखी उंच ठेवतात.

मग खोटे इशारे येतात कुठून?

योगायोग वर अडला. पण दोन माळ्यांवर एकदम डबा वाजायला गवाच लागतो असं नाही. एकच वाऱ्याची झुळूक दोन्हीकडे जाते.

सगळ्यात मोठी झुळूक म्हणजे पृथ्वीभोवती अडकलेले कण. ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दक्षिण अटलांटिकवर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कमजोर आहे, त्यामुळे भारित कणांचा पट्टा तिथे खाली झुकतो. फर्मी साधारण ९६ मिनिटांत एक फेरी मारते आणि यातल्या बऱ्याच फेऱ्या त्या भागातून जातात. तिथे मोजणी इतकी वाढते की संवेदकांचा उच्च दाबाचा वीजपुरवठाच बंद करावा लागतो. म्हणजे पाळत ठेवण्याच्या वेळेतला एक हिस्सा असाच जातो. अडचण कडेला येते. पार्श्वभूमी झपाट्याने चढत असते आणि १७ सेकंदांची सरासरी मागेच रेंगाळते. आताची मोजणी आणि मागची सरासरी यांत फट पडते, यंत्राला ती स्फोटासारखी वाटते. ओळखायचं कसं? खरा स्फोट एका दिशेने येतो, त्यामुळे त्या बाजूच्या स्फटिकांत मोजणी जास्त आणि पाठमोऱ्यांत कमी असते. कणांचा ढग सगळीकडून येतो, सगळे स्फटिक जवळपास सारखेच चढतात आणि चढ-उतारही संथ असतो. भारताच्या ‘ॲस्ट्रोसॅट’ची कक्षा विषुववृत्ताला फक्त ६ अंशांनी कललेली ठेवली, त्यामागे हेही एक कारण आहे. तो या भागाच्या कडेनेच जातो.

दुसरा प्रकार म्हणजे लोखंडाच्या अणुकेंद्रकासारखा वजनदार वैश्विक कण. असा कण स्फटिकात घुसला की मोठी चमक उठते आणि नंतरही स्फटिक काही काळ मंद झिरपत राहतो, विझवलेल्या चुलीतल्या निखाऱ्यासारखा. गणकाला वाटतं की टिचक्यांची रांग लागली. हे एकाच स्फटिकात होतं, म्हणून फर्मीत दोघांच्या अटीवर अडतं. युरोपच्या ‘इंटिग्रल’ दुर्बिणीच्या ढालीत मात्र सगळ्या स्फटिकांची मोजणी एकत्रच नोंदली जायची. त्यामुळे तिच्या नोंदींत अगदी अल्पकालीन खोट्या टोकांचा सुकाळ असायचा. ॲस्ट्रोसॅटच्या सीझेडटीआय यंत्रातही वैश्विक कण यानाच्या धातूवर आपटून काही मायक्रोसेकंदांत टिचक्यांचा घोसच्या घोस टाकतो. असे घोस आधी गाळून काढतात, मगच मोजणी विश्वासाला पात्र ठरते. यंत्राचे चार भाग आहेत. उसळी एकाहून जास्त भागांत एकाच वेळी दिसली पाहिजे, हीच तिथली दुसऱ्या माळ्याची अट. पुण्याच्या आयुकात या यंत्राच्या नोंदी तपासल्या जातात आणि २०२३ अखेर त्याने ६०० स्फोटांचा टप्पा गाठला होता.

उरलेले भिडू खोटे म्हणता येणार नाहीत, फक्त वेगळे आहेत. सौरज्वाला: दिशा सूर्याची, ऊर्जा कमी, म्हणून ओळखायला सोप्या. मॅग्नेटार नावाचे प्रचंड चुंबकीय न्यूट्रॉन तारे: आखूड धक्के, आणि तेही पुन्हा पुन्हा. आणि आपल्याच हवेतले गडगडाटी ढग. विजांच्या ढगांतून वर जाणाऱ्या, मिलिसेकंदभर टिकणाऱ्या गामा झलका १९९४ मध्ये पहिल्यांदा जाहीर झाल्या. त्या सापडल्या गामा स्फोट शोधायला पाठवलेल्या कॉम्प्टन वेधशाळेवरच्या यंत्राला. एकाचा खोटा इशारा हा दुसऱ्याचा शोध, याचं याहून नेमकं उदाहरण मिळणं कठीण.

माणसाने केलेले खोटे इशारे

१९८० च्या दशकातली गोष्ट जास्त रंजक आहे आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. सूर्याच्या अभ्यासासाठी फेब्रुवारी १९८० मध्ये सोडलेल्या ‘सोलर मॅक्सिमम मिशन’ या उपग्रहावरच्या गामा यंत्राला मधूनच विचित्र उसळ्या दिसू लागल्या. त्या सूर्याकडून येत नव्हत्या आणि आकाशातूनही नव्हत्या. त्या येत होत्या सोव्हिएत उपग्रहांकडून.

समुद्रावरच्या जहाजांवर रडारने नजर ठेवायला सोव्हिएत संघ जे उपग्रह पाठवायचा, त्यात छोटी अणुभट्टी असायची. रडारला वीज भरपूर लागते आणि इतक्या खालच्या कक्षेत मोठे सौरफलक लावले तर विरळ हवेच्या घर्षणाने उपग्रह लवकर खाली येतो, म्हणून ही सोय. भट्टीला सर्व बाजूंनी जाड ढाल देणं वजनामुळे शक्य नव्हतं. दोन उपग्रह एकमेकांजवळून गेले की भट्टीचे गामा किरण थेट यंत्रात यायचे. इथवर समजण्यासारखं आहे. पण काही उसळ्या भट्टी फार दूर असतानाही यायच्या. त्याचं कारण असं निघालं: भट्टीच्या गामा किरणांमुळे उपग्रहाच्या बाहेरच्या कवचातून इलेक्ट्रॉन आणि त्यांचे विरुद्धभारी जुळे, पॉझिट्रॉन, बाहेर पडायचे. ते पृथ्वीच्या चुंबकीय रेषांत अडकून काही मिनिटं पातळ चादरीसारखे पसरायचे. सोलर मॅक्स त्या चादरीतून गेला की पॉझिट्रॉन त्याच्या अंगावर नष्ट होऊन ठरावीक ऊर्जेचे, ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे, गामा किरण उठायचे. ही हकीकत अनेक वर्षं गुप्त होती. १९८९ मध्ये ती शोधनिबंधांतून उघड झाली, आणि तोवर इतर गामा यंत्रांच्या लोकांना आपल्या नोंदींतल्या काही उसळ्यांचं कारण ठाऊक नव्हतं. माझ्या मते गामा स्फोटांच्या इतिहासातला सर्वांत बोलका धडा हाच आहे: ढग, सूर्य, तारे सगळे वगळून झाले तरी आपल्याच माणसांनी बांधलेलं यंत्र वगळायचं राहून जातं.

सावलीवरून दिशा काढणारी ‘स्विफ्ट’

२० नोव्हेंबर २००४ ला सोडलेल्या स्विफ्ट दुर्बिणीची युक्ती वेगळी आहे. गामा किरण भिंगाने एकत्र करता येत नाहीत. म्हणून तिने वर जाळी लावली आहे: ५ मिलिमीटरच्या सुमारे ५२,००० शिशाच्या चौकोनी टिकल्या, मुद्दाम वेड्यावाकड्या मांडलेल्या, अर्धी जागा झाकलेली आणि अर्धी मोकळी. तिच्याखाली साधारण मीटरभरावर ३२,७६८ डिटेक्टरांची फरशी. वाड्याच्या जाळीदार खिडकीतून कवडसे जमिनीवर पडतात तसं समजा. कवडशांची नक्षी कुठे सरकली आहे ते पाहून ऊन कुठून येतंय हे खिडकीबाहेर न डोकावता सांगता येतं. नक्षी जितकी अनियमित, तितका दिशेचा घोळ कमी.

म्हणून स्विफ्टची तपासणी दोन पायऱ्यांत होते. आधी मोजणी वाढली का, आणि वाढली असेल तर नक्षी उमटली का. कणांचा ढग आला तर मोजणी वाढते, पण कण सगळीकडून येत असल्याने फरशीवर सावली पडत नाही. यानातला संगणक चित्र बनवतो, त्यात ठळक ठिपका दिसत नाही, आणि प्रकरण तिथेच मिटतं. मोजणीच्या बहुतेक उसळ्या अशा खाली कुणालाही न कळता बाद होतात. ठिपका दिसलाच तर तो आधीच्या यादीतल्या क्ष-किरण ताऱ्यांशी ताडून पाहिला जातो. यादीत नसेल तर नवा, म्हणून इशारा.

इथे एक मजेशीर चूक होते. यान नेमकं कुठे रोखलं आहे हे त्याला ताऱ्यांचे फोटो काढणारा कॅमेरा सांगतो. त्या कॅमेऱ्याची पकड क्षणभर सुटली की यानाला स्वतःची दिशा चुकीची कळते. मग जुनाच ओळखीचा तारा ‘चुकीच्या’ जागी दिसतो, यादीत त्या जागी काही नसतं, आणि यंत्र आनंदाने नव्या स्फोटाची घोषणा करतं. बांधावरचा हद्दीचा दगड सरकला तर शेजाऱ्याचा पन्नास वर्षांचा आंबा आपल्या शेतात रातोरात उगवल्यासारखा दिसेल, तसंच हे. असे इशारे थोड्याच वेळात ‘हा खगोलीय नाही’ अशा टिपणीसह मागे घेतले जातात.

मग उंबरठा आणखी वर का नेत नाहीत?

कारण १७ ऑगस्ट २०१७.

त्या दिवशी फर्मीने एक साधारण २ सेकंदांचा बऱ्यापैकी क्षीण स्फोट टिपला आणि १४ सेकंदांत आपोआप इशारा पाठवला. एकटा पाहिला असता तर त्याच्याकडे कुणी विशेष लक्ष दिलं नसतं. पण त्याच्या १.७ सेकंद आधी गुरुत्वलहरी पकडणाऱ्या लायगोला दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याची खूण मिळाली होती. गंमत म्हणजे लायगोच्या लिव्हिंग्स्टन केंद्रात टकरीच्या सेकंदभर आधी यंत्राचाच एक खोटा ठोका बसला, आणि तिथल्या स्वयंचलित तपासणीने त्यामुळे ही खूण बाजूला ठेवली. फर्मीच्या इशाऱ्याने माणसं जागी झाली, त्यांनी तो ठोका पुसून खालची खरी लहर काढली. इंटिग्रलनेही तोच स्फोट पाहिला होता. लघु स्फोट न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून होतात याचा पहिला थेट पुरावा हा. उंबरठा बराच वर असता तर डबा वाजलाच नसता.

याची उलट बाजूही आहे. १४ सप्टेंबर २०१५ ला लायगोने पहिली गुरुत्वलहर पकडली, ती दोन कृष्णविवरांच्या टकरीची. ०.४ सेकंदांनी फर्मीच्या नोंदींत सुमारे सेकंदभराची एक फिकट उसळी सापडली. ती उंबरठ्याखालची होती, नंतर शोधून काढलेली. ती योगायोगाने तिथे असण्याची शक्यता साडेचारशेत एक अशी मांडली गेली. कृष्णविवरांच्या टकरीतून प्रकाश येणं अपेक्षित नाही आणि इंटिग्रलला काहीही दिसलं नव्हतं. एका गटाने त्याच नोंदी वेगळ्या पद्धतीने तपासून ही पार्श्वभूमीच असल्याचं म्हटलं. साडेचारशेत एक हे आपल्याला पक्कं वाटतं. पण अशा शोधात शेकडो ठिकाणी पाहिलं जातं. साडेचारशे ठिकाणी पाहिलं तर एखादं असं सापडणारच.

इशारा आधी आणि तपासणी नंतर, हे उलटं नाही का?

स्फोट काही सेकंदांत संपतो, पण मागे एक विझत जाणारी प्रभा राहते: क्ष-किरणांत, दृश्य प्रकाशात, रेडिओत. स्फोट किती दूरचा हे बहुधा या प्रभेवरूनच कळतं, आणि ती पहिल्या काही मिनिटांतच भराभर मंदावते. म्हणून स्विफ्ट परवानगीची वाट पाहत नाही. ठिपका ठरला की मिनिट-दीड मिनिटात स्वतःच वळते आणि दुसरी दुर्बीण तिकडे रोखते. त्याच वेळी जीसीएन नावाच्या जाळ्यावरून जगभर यांत्रिक सूचना जाते. ती माणसाने वाचलेली नसते. त्यानंतर कामावरचे शास्त्रज्ञ नोंदी पाहून लेखी परिपत्रक काढतात. खोटा इशारा उघडकीला येतो तो या दुसऱ्या टप्प्यात. बातम्या मात्र पुष्कळदा पहिल्या टप्प्यावरच लिहिल्या जातात.

जमिनीवरून धावणाऱ्यांत आपलीही माणसं आहेत. लडाखमधल्या हानले इथली ०.७ मीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण माणसाने हात न लावता इशाऱ्याच्या दिशेला वळू शकते. नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी नंतरच्या दिवसांत रेडिओ प्रभा शोधते. खोटा इशारा म्हणजे या दुर्बिणींचा थोडा वेळ वाया. तो खर्च परवडतो. स्फोट चुकला तर तो परत घडवता येत नाही.

फर्मीच्या इशाऱ्यात दिशेचीही अडचण असते. बारा स्फटिकांतल्या कमी-जास्त मोजणीवरून काढलेली दिशा काही अंशांनी चुकू शकते, आणि पूर्ण चंद्र आकाशात फक्त अर्धा अंश व्यापतो. म्हणून दूरदूरच्या यानांच्या वेळा ताडतात. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. एक यान पृथ्वीजवळ आणि दुसरं मंगळापाशी असेल तर एकच स्फोट दोघांना काही मिनिटांपर्यंतच्या फरकाने दिसू शकतो, आणि त्या फरकावरून आकाशात एक अरुंद कडं आखता येतं. खोटा इशारा इथे लगेच उघडा पडतो: फर्मीभोवतीचा कणांचा ढग मंगळाजवळच्या यानाला दिसणार नाही.

खऱ्यालाच खोटं ठरवलं तर?

तसंही झालं आहे, आणि तेही आजवरच्या सर्वांत तेजस्वी स्फोटाच्या बाबतीत. ९ ऑक्टोबर २०२२ ला स्विफ्टने एक भगभगीत नवा उगम पाहिला. तो आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ होता आणि इतका तेजस्वी होता की दूरचा असेल असं वाटेना. त्यामुळे त्याला आपल्याच आकाशगंगेतल्या ताऱ्यासारखं ‘स्विफ्ट जे१९१३.१+१९४६’ हे नाव मिळालं. नंतर लक्षात आलं की त्याच्या सुमारे ५३ मिनिटं आधी फर्मीने त्याच दिशेला महाप्रचंड स्फोट नोंदवला होता. स्विफ्टला दिसली होती ती मागची प्रभा. तो प्रकाश सुमारे २ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला होता. आज तो जीआरबी २२१००९ए आहे. नावाचा अर्थ सोपा: वर्ष, महिना, दिवस, आणि त्या दिवसातला कितवा.

उलट उदाहरण २०१७ चं. हवाईतल्या केक दुर्बिणीने जीएन-झेड११ या अतिदूर दीर्घिकेच्या जागी एक क्षणिक चमक पाहिली, आणि तो विश्वाच्या बालपणातला गामा स्फोट असावा असा दावा २०२० अखेर प्रसिद्ध झाला. दुसऱ्या गटांनी हिशेब केला की दृष्टिरेषेत उपग्रह किंवा अवकाशातला भंगार येण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. पुढे एका रशियन प्रोटॉन रॉकेटचा वापरून झालेला वरचा टप्पा त्या क्षणी त्याच जागेवरून गेल्याचं दाखवलं गेलं.

संगणकाला शिकवून हे सगळं थांबवता येणार नाही का?

काही प्रमाणात ते आधीच होतं. फर्मीवरचा संगणक दिशा, ऊर्जेचा कल आणि यान कक्षेत कुठे आहे हे पाहून प्रत्येक इशाऱ्याला स्फोट, सौरज्वाला, कणांचा ढग अशा शक्यता वाटून देतो. तरी तो चुकतो, कारण त्याला शिकवायला जुनीच उदाहरणं आहेत. २०२५ चा तीनदा वाजलेला स्फोट जुन्या कुठल्याच खणात बसत नव्हता. एकदाच होतो तो खरा, पुन्हा होतो तो दुसरा कुणी, असं शिकलेल्या यंत्राने त्याला बिनदिक्कत मॅग्नेटारच्या खणात टाकलं असतं.

आणि आपल्याला धोका किती?

२०२२ च्या त्या सर्वांत तेजस्वी स्फोटाने पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला काही काळ हलवलं. ते मोजता आलं ते संवेदनशील यंत्रांना. खाली कुणाचा रेडिओही खरखरला नसेल. आपल्या शेजारी, नेमका आपल्याकडे तोंड करून स्फोट झाला तरच चिंता, आणि तसं कुठलं चिन्ह नाही. तेव्हा ‘महाविनाशी किरण पृथ्वीकडे’ असा निरोप व्हॉट्सॲपवर आला तर दोन गोष्टी पाहाव्यात: दुसऱ्या कुठल्या यानाने तो स्फोट पाहिला का, आणि मागची प्रभा सापडली का. दोन्ही नसतील तर तास-दोन तास थांबावं. परिपत्रक तेवढ्यात येतं.